डोणीतून अंगणात

पाळीव प्राणी हा विषय आपल्या घरांत सहसा निघत नाही. गोशाळेला चारा जातो, पाखरांना दाणे टाकले जातात, वैशाखात दाराशी पाण्याचे कुंड भरून ठेवले जाते, मुंग्यांच्या वारुळाशी साखर-पीठ घातले जाते. परंतु एखादा जीव घरात ठेवून वाढवणे आपल्या वडीलधाऱ्यांना कधी रुचले नाही. त्याचे कारण सरळ आहे. प्राणी पाळला की त्याच्या आहाराचा भार आपल्यावर आला, आणि तो आहार दुसऱ्या जिवाचा असेल तर भार दुप्पट झाला. असे असता वरणगावच्या आमच्या घरी एका पावसाळ्यात साठ-सत्तर बेडूकमासे वाढले आणि त्यांच्यासाठी चार पिढ्यांनी आपापले मत मांडले, हे वाचून पुष्कळांना नवल वाटेल.

मूळ हट्ट बेडकाचा नव्हताच. माझ्या नातवाने कुठल्याशा चित्रफितीत परदेशातील एका मुलाने काचेच्या पेटीत पाळलेला सॅलमँडर पाहिला. पालीसारखा देह, ओलसर कातडी, जन्म पाण्यात आणि प्रौढपण जमिनीवर. बाळपणी मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले असतात. ते हळूहळू झडतात आणि एके दिवशी तो प्राणी पाण्याबाहेर पाऊल टाकतो. "दादी, मला हाच हवा," असे चिरंजीवांनी जाहीर केले. मी त्याला नकाशा काढून दाखवला. आपल्या देशात सॅलमँडर आहे, पण तो दार्जिलिंगच्या डोंगरांत आणि ईशान्येकडील थंड, दमट प्रदेशात. दार्जिलिंगजवळ जोरपोखरी येथे तर त्याच्यासाठी राखीव ठेवलेले अभयारण्यच आहे. त्याला कायद्याचे संरक्षण असून पकडण्यास व पाळण्यास मनाई आहे. आणि समजा नसती, तरी भुसावळ-वरणगावचे ऊन त्याने एक दिवसही सोसले नसते. मे महिन्यात येथे माणसे दुपारी दार लावून बसतात. ओल्या कातडीच्या जिवाची काय कथा!

महाराष्ट्रात सॅलमँडर नाही. पण पाण्यातून जमिनीवर येण्याचा तोच प्रवास आपल्याकडे दरवर्षी डबक्या-डबक्यांतून घडतो. तो बेडूक करतो. फरक थोडासाच. सॅलमँडरच्या पिलाला पुढचे पाय आधी फुटतात, बेडूकमाशाला मागचे. सॅलमँडर आपली शेपटी जन्मभर राखतो, बेडूक ती जमिनीवर येता येता संपवून टाकतो. आहारातही एक मोठा फरक आहे. त्याच फरकाने पुढे आमच्या घरात पेच उभा केला.

आमच्या दुकानामागे, अंगणाच्या कडेला, जमिनीत बसवलेली एक दगडी डोण आहे. पूर्वी खेड्यांवरून ज्वारी-तुरीच्या बैलगाड्या येत, तेव्हा बैलांना पाणी पाजण्यासाठी ती होती. आता टेम्पो येतात, डोण रिकामी असते आणि पावसाळ्यात आपोआप भरते. त्या वर्षी मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री अंगणात असा काही कोलाहल माजला की यजमानांनी उठून दोनदा कंदील फिरवला. सकाळी डोणीत काळ्या मण्यांच्या लांबच लांब माळा पसरल्या होत्या. पारदर्शक, चिकट दोरा आणि त्यात ओवलेले मोहरीएवढे काळे ठिपके. ही अंडी भेकाची, म्हणजे खरखरीत, गाठाळ कातडीच्या त्या तपकिरी बेडकाची, जो आपल्या मोरीपाशी आणि कुंड्यांच्या खाली मुक्काम करतो. मोठा पिवळा-हिरवा बेडूक अंडी घालतो ती अशा माळांत नव्हे. हा भेद जाणणे पुढे उपयोगी पडले. कारण मोठ्या बेडकाची पिले बाळपणापासून मांसाहारी असतात, एकमेकांनाही सोडत नाहीत. भेकाची पिले मात्र शेवाळ खरवडून खातात.

दोन-तीन दिवसांत माळा विरघळल्या आणि डोणीच्या भिंतींना काळे स्वल्पविराम चिकटल्यासारखे दिसू लागले. हजारो असावेत. आठवडाभरात ते शेकड्यांवर आले. निसर्गाचा हा हिशेब फार कठोर आहे. भेकाची मादी हजारांनी अंडी घालते ते उगाच नव्हे.

नातवाने दुकानातील एक जुनी लाल कापडी बांधणीची रोजमेळाची वही मागून घेतली. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे. आमच्या घरात कोणतीही गोष्ट खरी मानली जाण्यासाठी ती वहीत उतरावी लागते, हे त्याने लहान वयातच ओळखले आहे. रोज शाळेतून आल्यावर तो डोणीवर पालथा पडून मोजणी करी. मोजणी अर्थातच चुके, आणि रोज शिल्लक जुळत नसे. त्यावर यजमान त्याला पक्क्या मुनीमासारखे बोल लावीत.

सांभाळण्यात विशेष असे काही नव्हते, पण जे होते ते नेमके होते. नळाचे पाणी ताजे घालायचे नाही. त्यातील क्लोरीन या जिवांना सोसत नाही, म्हणून ते उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मग घालायचे. बादली प्लास्टिकची, तांब्या-पितळेची नव्हे. तांब्याच्या भांड्यातील पाणी आपण आरोग्याचे म्हणून पितो, पण पाण्यात उतरलेले तांबे बेडूकमाशांना घातक ठरते. पालकाची पाने उकडून, अगदी थोडी घालायची आणि उरलेली संध्याकाळी काढून टाकायची. नाहीतर पाणी नासते. आता आमच्या घरी आषाढी चौदसीपासून पालेभाजी बंद असते. चातुर्मासात स्वयंपाकघरात पालक उकडला जाताना पाहून शेजारच्या भाभीजींनी भुवया उंचावल्या. सासूबाई त्यांना शांतपणे म्हणाल्या, "त्याग मी केला आहे. यांनी कुठे केला?"

सासूबाई तेव्हा पंच्याऐंशीच्या होत्या. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. पण पाणी गाळून त्यातील जिवाणी पुन्हा त्याच विहिरीत अलगद सोडण्याचे व्रत त्यांनी लग्न होऊन आल्यापासून, विहीर होती तोवर, पाळले. ज्या पाण्यातला जीव त्या पाण्यातच गेला पाहिजे, हे त्यांचे सूत्र. त्यामुळे बेडूकमासे काचेच्या बरणीत घालून दिवाणखान्यात ठेवावे, ही नातवाची सूचना त्यांनी पहिल्याच दिवशी निकालात काढली.

जुलैच्या आरंभी आरोग्यसेविका ताई आल्या. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, साठलेली पाणी ओता, डास होतात, असे त्या घरोघर सांगत होत्या. त्यांचे म्हणणे योग्यच होते. डेंग्यूचा ताप आमच्या गल्लीनेही पाहिला आहे. डोण ओतायची तर हे जीव कुठे जाणार? नातू डोणीपुढे आडवा उभा राहिला. तेव्हा सूनबाईने मार्ग काढला. पिण्याचे पाणी गाळण्यासाठी घरात दुहेरी मलमलीचे मोठे गाळणे होते. ते तिने डोणीवर ताणून बांधले आणि कडेला विटा ठेवल्या. वरून डास आत जाऊन अंडी घालू शकणार नाही, आतले बाहेर पडणार नाही, हवा खेळती. ताईंनी टॉर्च मारून पाणी पाहिले, डासांच्या अळ्या नाहीत याची खात्री केली, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊन पाहते असे सांगून गेल्या. त्या खरोखर आल्या, दर आठवड्याला आल्या, आणि दुसऱ्या फेरीपासून मुलांना बेडूकमाशांना पाय आले का हे विचारू लागल्या.

पाय आले. आधी मागचे, शेपटीच्या मुळाशी मुगाच्या मोडासारखे. पुढचे पाय मात्र आतल्या आत, कातडीखाली तयार होत असतात आणि एके दिवशी एकदम बाहेर पडतात, बहुधा डावा आधी. या टप्प्यावर त्या एवढ्याशा देहात जे घडते ते वाचून मी थक्क झाले. कल्ले जाऊन फुप्फुसांवर श्वास येतो. तोंड रुंदावते. घड्याळाच्या कमानीसारखे गुंडाळलेले लांबलचक आतडे, जे शेवाळ पचवण्यासाठी असते, ते आखडून पार तोकडे होते. आणि या काळात तो जीव काही खात नाही. शेपटी गळून पडते असा आपला समज असतो. ती गळत नाही, ती आतूनच जिरवली जाते आणि त्यावरच त्याचे हे दिवस निभतात. नव्या गावी दुकान थाटताना जुने भांडवल मोडून खावे, तसे.

या सर्व बदलांची किल्ली गळ्यातील अवटू ग्रंथीपाशी असते. गुडरनाच नावाच्या शास्त्रज्ञाने १९१२ साली बेडूकमाशांना या ग्रंथीचा अंश खाऊ घातला, तेव्हा ते पुरते वाढण्याआधीच रूप पालटून अगदी चिमुकले बेडूक झाले. मेक्सिकोतील ॲक्सोलॉटल नावाचा सॅलमँडर याच्या उलट, जन्मभर कल्ले घेऊन पाण्यातच राहतो. पॅरिसच्या संग्रहालयात आणलेल्या ॲक्सोलॉटलच्या पिलांपैकी काहींनी १८६५ साली अचानक कल्ले टाकले, तेव्हा ते पाहणारे द्युमेरिल चकित झाले होते. पुढे १८७० च्या दशकात जर्मनीत मारी फोन शोव्हां या बाईंनी पाण्याची पातळी थोडी थोडी उतरवत, रोज जातीने लक्ष ठेवून, अशा पिलांना जमिनीवर आणून दाखवले. प्रयोगशाळांच्या त्या पुरुषी जगात एका स्त्रीच्या धीराने हे काम झाले, हे मला विशेष वाटते. पाणी एकदम काढले तर जीव मरतो, अजिबात काढले नाही तर तो बाहेर येत नाही.

आमच्या डोणीच्या भिंती मात्र सरळ उभ्या होत्या. फुप्फुसे आलेल्या पिलाला पाण्याबाहेर टेकायला जागा मिळाली नाही, तर जन्मापासून पाण्यात राहिलेला हा जीव पाण्यातच बुडून मरतो. म्हणून यजमानांनी माल उतरवताना वापरतो तशी एक फळी तिरकी सोडली, तिच्यावर खडबडीत गोणपाट ठोकले, आणि वरचे टोक अंगणात टेकवले. तो गोणपाट निवडण्यातही दक्षता होती. धान्यात कीड लागू नये म्हणून गोदामात सेल्फॉससारखी विषारी औषधे वापरली जातात. कपाशीचे बियाणे तर रंगीत औषध लावूनच येते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाच्या कातडीतून ते शोषून घेतो. जे कातडीला लागेल ते थेट आत जाईल. तेव्हा घरच्या ज्वारीचे, औषध न लागलेले पोते तीनदा धुऊन घेतले.

आणि नेमक्या त्याच वेळी पावसाने ओढ दिली.

खान्देशात हे नवे नाही. आषाढ सरता सरता आठ-पंधरा दिवस ढग नुसते वरून जातात. काळ्या जमिनीला पाऊल जाईल अशा भेगा पडतात. शेतकरी आभाळाकडे पाहतो आणि आम्ही शेतकऱ्याकडे पाहतो, कारण त्याच्या उधारीवर आमच्या वह्या उभ्या असतात. पाऊस लांबला की मुसळाला बेडूक बांधून धोंडी काढण्याची चाल काही गावांत आहे. बांधलेल्या त्या जिवाकडे पाहून मला लहानपणीही गलबलून येई. वहीत जमेला त्रेसष्ट बेडूकमासे होते. त्यांपैकी पहिली आठ-दहा पिले फळी चढून, शेपटीचा खुंट मागे ओढत, डाळीच्या दाण्याएवढी होऊन गोणपाटावर बसली होती. अंगणापलीकडे तापलेली, कोरडी जमीन.

येथे तो आहाराचा पेच उभा राहिला. जो जीव पाच आठवडे शेवाळावर आणि पालकावर वाढला, तो चार पायांवर उभा राहताच हलणाऱ्या जिवाखेरीज काहीही खात नाही. ठेवलेले अन्न त्याला दिसतच नाही. जे हलते तेच दिसते. सॅलमँडर आरंभापासून मांसाहारी, त्याच्याबद्दल निदान संभ्रम नाही. याने मात्र आम्हाला आधी शाकाहारी होऊन जिंकले आणि मग हा प्रश्न घातला. पिलांना आता सोडावे तर ती तासाभरात वाळून मरतील. ठेवावे तर त्यांना मुंग्या, वाळवी, बारीक किडे कोण आणून देणार?

रात्री ओसरीवर याची चर्चा झाली. रात्र म्हणजे सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपल्यानंतरची. माझ्या मुलाचे मत, हा निसर्ग आहे, आपण मध्ये पडू नये. सूनबाई म्हणाली, "डोण आपली, गाळणे आपले, फळी आपली. इतके मध्ये पडल्यावर आता दूर कसे होता येईल?" नातवाने व्यवहारी तोडगा सुचवला. दुकानात तूर-हरभरा चाळताना जे सोंडे-टोके निघतात, ते आपण मारत नाही, कोपऱ्यात सावलीला नेऊन सोडतो. ती सावली बदलून गोणपाटाजवळची केली तर? घरात क्षणभर शांतता पसरली. मुलाच्या बुद्धीचे कौतुकही वाटले आणि भीतीही.

सासूबाईंनी त्याला जवळ बसवून घेतले. "बेटा, त्याने शोधून खाल्ले तर तो त्याचा स्वभाव. आपण धरून त्याच्यापुढे टाकले तर तो आपला व्यवहार. सोंड्यालाही आपण अभय दिले आहे ना? एकाला दिलेला शब्द मोडून दुसऱ्याला कसा वाचवायचा?" त्याने मग दुसरा मार्ग काढला. अंगणातला दिवा रात्रभर लावून ठेवू, किडे आपणहून येतील. त्यालाही त्यांनी नकार दिला. ज्या कारणासाठी आपण सायंकाळी दिवे मंद करतो, त्याच कारणासाठी दिवा लावून जीव बोलावणे त्यांना पटेना.

"मग ते मरतील," तो म्हणाला. यावर कोणाजवळ उत्तर नव्हते. मला स्वतःला सासूबाईंचा मुद्दा पटत होता आणि त्यापासून निघणारा परिणाम पटत नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी सासूबाईंनीच विचारले, त्यांना पाणी किती लागते? अन्न देणे आपल्या हाती नाही, पण ओल देणे तर आहे! न्हाणीचे पाणी ज्या चारीने जाते तिच्या कडेला अळू, कर्दळ आणि केळीचे दोन खुंट आहेत. साबणाचे पाणी तिकडून बंद करून दुसरीकडे वळवले. धान्य-भाज्या धुतलेले गाळीव पाणी तेवढे त्या कोपऱ्यात जाऊ लागले. फुटके माठ पालथे घातले, केळीची वाळकी पाने पसरली, गोणपाट डोणीपासून तेथपर्यंत अंथरले आणि ते सकाळ-संध्याकाळ शिंपडायचे काम नातवाकडे दिले. ओल आणि सावली आली की तेथे जे यायचे ते येते. ते आम्ही आणले नाही आणि हाकललेही नाही. शास्त्राच्या काट्यावर हा मार्ग कितपत उतरतो, हे जाणत्यांनी सांगावे. आम्हाला त्याहून बरा सुचला नाही.

त्या दिवसांत ओसरीवर नंद मणियाराची कथा अपरिहार्यपणे निघालीच. राजगृहीच्या त्या व्यापाऱ्याने लोकांसाठी पुष्करिणी बांधली, भोवती चार बागा, भोजनशाळा, औषधशाळा उभारल्या. पण आपल्या कीर्तीत जीव गुंतला आणि तो त्याच पुष्करिणीत बेडूक होऊन जन्मला. ज्ञाताधर्मकथांगातील ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. काठावरच्या लोकांच्या तोंडून आपलीच स्तुती ऐकून त्याला पूर्वजन्म आठवला, आणि भगवंतांच्या दर्शनासाठी तो पाणी सोडून रस्त्यावर निघाला, तो श्रेणिक राजाच्या घोड्याच्या टापेखाली आला. लहानपणापासून मी ही कथा आसक्तीची म्हणून ऐकत आले. त्या वर्षी मात्र माझे लक्ष रस्त्याकडे गेले. पाण्यातून निघालेल्या जिवाला सर्वांत मोठा धोका चाकांचा आणि टापांचा, हे अडीच हजार वर्षांत बदललेले नाही. आमच्या अंगणात रोज सकाळी टेम्पो मागे घेतला जातो. यजमानांनी महिनाभर तो पुढच्या दाराशी उभा करवला. हमाल बांधवांना पोती वीस पावले जास्त वाहावी लागली. त्यांनी कुरकुर केली, आणि त्याबद्दल मजुरी वाढवून दिली गेली. दयेचा खर्च दुसऱ्याच्या खांद्यावर टाकू नये, हे यजमानांचे म्हणणे.

व्यापारी वाचकांसाठी एक गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते. एके काळी आपल्या देशातून बेडकांचे पाय मोठ्या प्रमाणावर परदेशी जात. १९८७ साली ही निर्यात सरकारने बंद केली. बेडूक घटले की भातशेतीतील कीड वाढते आणि कीटकनाशकांचा खर्च अंगावर येतो, हा त्यामागील एक युक्तिवाद होता. कपाशीच्या आपल्या पट्ट्यात फवारणीवर शेतकऱ्याचे किती पैसे जातात, हे त्याच्या उधारीच्या वह्या सांभाळणाऱ्यांना मी काय सांगावे! शेतकऱ्याच्या बांधावरचा बेडूक कोणाच्याच ताळेबंदात येत नाही.

अकराव्या दिवशी रात्री पाऊस आला. सकाळी अंगणभर दाण्यादाण्याएवढी पिले उड्या घेत होती. आम्ही घरातील सर्व जण पाय घासत चाललो, उचलून टाकले एकही पाऊल नाही. दुपारपर्यंत बहुतेक मंडळी कुंपणाच्या वेलीखालून मागच्या नाल्याकडे निघून गेली. नातवाने हात मागे बांधून त्यांना निरोप दिला. भेकाच्या कातडीतील रस डोळ्यांत गेला तर चुरचुरतो, म्हणून हात न लावण्याचे त्याने कबूल केले होते.

वहीत नावे बाजूला एकेचाळीस लिहिले गेले. एकवीस कमी पडले, त्यांची नोंद त्याने "तूट" म्हणून केली आणि त्या पानावर तो बराच वेळ बसून राहिला. एक बेडूकमासा मात्र डोणीतच होता. मागचे पाय आलेले, पुढच्यांचा पत्ता नाही. त्याच्यासाठी गाळणे तसेच ताणलेले राहिले, ताई तशाच दर आठवड्याला आल्या. पर्युषणाचे दिवस गेले, संवत्सरी झाली. भाद्रपदाच्या उत्तरार्धात एका सकाळी तो फळीवर बसलेला दिसला. शेपटी अजून अर्धी होती. सासूबाईंना खुर्चीवर बसवून अंगणात आणले. त्यांनी चष्मा पुसून त्याला पाहिले आणि गोणपाट ओले आहे का, ते हाताने चाचपून घेतले.